कंट्रोल रोपांवरही पर्णगुच्छ: पांढऱ्या माशीच्या प्रयोगात विषाणू शिरला कुठून?

पर्णगुच्छ_२०

नमस्कार मंडळी. टोमॅटोच्या पर्णगुच्छाचा, म्हणजे पानं वळून आक्रसण्याच्या (लीफ कर्ल) रोगाचा, विषाणू (बेगोमोव्हायरस) पांढऱ्या माशीच्या दोन वसाहती किती कार्यक्षमतेने पसरवतात, याची तुलना चालू आहे. मांडणी अशी:

दोन्ही वसाहती वांग्यावर, वेगवेगळ्या जाळीच्या पिंजऱ्यांत. तापमान २७ अंश, उजेड १४ तास. विषाणू घेण्यासाठी (एएपी) माश्या रोगट टोमॅटोवर २४ तास. मग दोन खऱ्या पानांच्या टोमॅटो रोपावर प्रत्येकी २० माश्या, विषाणू सोडण्यासाठी (आयएपी) २४ तास. प्रत्येक रोपावर स्वतंत्र प्लास्टिक बाटलीचा पिंजरा. दुसऱ्या दिवशी इमिडाक्लोप्रिडची फवारणी, पिंजरे काढले, सगळी रोपं एकाच बाकावर.

निकाल: वसाहत 'अ' ३० पैकी ३० रोगट, 'ब' ३० पैकी २९. लक्षणं ११ ते १६ व्या दिवशी. कंट्रोलची १२ रोपं, त्यांवर रोगट रोप न दाखवलेल्या २०-२० माश्या. त्यातली ४ रोगट निघाली, पीसीआरनेही पक्कं झालं.

प्रश्न चार. एक, कंट्रोलला लागण कुठून झाली? दोन, ही ४ रोपं वजा करून आकडे वापरता येतील का? तीन, एएपीनंतर एकेका माशीचा पीसीआर केला तर दोन्ही वसाहतींत २० पैकी १८ पॉझिटिव्ह. म्हणजे दोन्ही सारख्याच रोगवाहक असं म्हणता येईल का? चार, हीच वेळापत्रकं पुढे मावा आणि फुलकिड्यांसाठी वापरायची आहेत, चालतील ना?

---

कीटकशाळा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वहीत आहे, पण तुम्ही ते इथे लिहिलेलं नाही. कंट्रोलची चार रोपं *कोणत्या दिवशी* रोगट दिसली? चारही एकाच सुमारास, की मागेपुढे? दुसरं, लागण केलेल्या रोपांची खालची पानं उलटी करून भिंगाखाली बघा आणि काय दिसतं ते सांगा.

---

पर्णगुच्छ_२०

एक रोप १३ व्या दिवशी. उरलेली तीन ३३, ३५ आणि ३७ व्या दिवशी.

पानं पाहिली. खालच्या दोन पानांच्या मागे चपट्या, लंबगोल, फिकट पिवळ्या खवल्या चिकटलेल्या आहेत. काही पारदर्शक आणि पोकळ, त्यांच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर आहे.

---

कीटकशाळा

मग तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे घोटाळे आहेत. उशिराची तीन रोपं आधी घेऊ, कारण त्यांचा पुरावा तुम्ही आत्ताच पाहिलात.

टी आकाराची चीर असलेली पोकळ खवली म्हणजे प्रौढ माशी बाहेर पडून गेल्यावर उरलेली कात. म्हणजे तुमच्या बाकावर माश्यांची एक अख्खी पिढी तयार होऊन उडाली.

हिशेब लावून बघा. आयएपीच्या २४ तासांत माद्या नुसता रस शोषत नाहीत, अंडीही घालतात. अंड्याला बारीक देठ असतो आणि तो पानात रोवलेला असतो, त्यामुळे रोप हलवलं, धुतलं, झटकलं तरी अंडं जागचं हलत नाही. तुमची फवारणी प्रौढांवर झाली, अंड्यांवर तिचा फारसा परिणाम नाही. २७ अंशांना अंडी साधारण ५ ते ७ दिवसांत फुटतात. पिल्लू बाहेर येतं तेव्हा पानावरचा फवारा बराच क्षीण झालेला असतो, शिवाय नवी वाढ तर फवाऱ्याबाहेरचीच. पहिल्या अवस्थेचं पिल्लू थोडंफार रांगतं, जागा निवडतं आणि सोंड रोवून बसतं. त्यानंतर प्रौढ होईपर्यंत ते तिथेच. आणि बसलंय कशावर? विषाणू अंगभर पसरत असलेल्या रोपावर. अंडं ते प्रौढ सगळे मिळून या तापमानाला तीन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे २० ते २२ व्या दिवशी जन्मतः विषाणू घेऊन आलेल्या (अंड्यातून नव्हे, पिल्लू असताना शोषलेल्या रसातून) माश्या उघड्या बाकावर उडाल्या आणि शेजारच्या कंट्रोलवर बसल्या. त्यात लक्षणांचे ११ ते १६ दिवस मिळवा. ३३, ३५, ३७ बरोबर बसतात.

उपाय:

सगळं रोप माशीला मोकळं देऊ नका. एकाच पानावर क्लिप केज (पानाला चिमट्याने अडकवायचा छोटा पिंजरा) लावा, म्हणजे अंडी त्या एका पानावरच पडतील. आयएपी संपल्यावर माश्या ॲस्पिरेटरने (किडे ओढून घ्यायच्या नळीने) मोजून परत काढा. २० सोडल्या तर २० चा हिशेब लागला पाहिजे, जिवंत किती, मेलेल्या किती. एक जरी कमी भरली तर रोपाच्या शेंड्यात, केजच्या स्पंजमध्ये, कुंडीच्या काठावर शोधा. मग अंडी फुटायच्या आत ते पान देठासकट कापा आणि पिशवीत बंद करून गोठवा.

क्लिप केजचा स्वतःचा त्रास आहे. जड केज कोवळ्या पानाला दोन दिवसांत वाकवते, देठाशी मोड येते आणि पान सुकतं. तेव्हा काडीचा आधार द्या. आत दव साचलं तर माशीचे पंख काचेला चिकटतात आणि ती मरते. जाळीची खिडकी दोन्ही बाजूंना हवी, एका बाजूला असून भागत नाही.

फवारणीवर भिस्त ठेवायचीच असेल तर आयएपीनंतर लगेच कुंडीत आळवणी करा (औषध मुळांशी ओता), म्हणजे फुटलेल्या पिल्लांनाही औषध मिळेल. पण प्रयोगशाळेतल्या कित्येक वसाहती मूळच्याच निओनिकोटिनॉइड गटाला (इमिडाक्लोप्रिड त्यातलंच) दाद न देणाऱ्या असतात. आधी वीसेक माश्यांवर ते औषध चालतं का बघा. आणि आळवणी आयएपीच्या *आधी* चुकूनही नको; माशी शोषणं थांबवते आणि लागणच होत नाही.

पिंजरे फवारणीनंतर लगेच काढले, ही सरळ चूक. शेवटचं निरीक्षण होईपर्यंत प्रत्येक रोप, निदान प्रत्येक गट, जाळीत हवा. पांढऱ्या माशीचं अंग रुंदीला पाव मिलिमीटरच्या आसपास असतं, जाळीचं भोक त्याहून मोठं नको. साधी मच्छरदाणी तिच्यासाठी दिंडी दरवाजा आहे.

---

सूक्ष्मदर्शक

१३ व्या दिवसाच्या रोपाबद्दल. ते रोप चाचणीच्या रोपांबरोबरच रोगट दिसलं, म्हणजे लागणही त्याच सुमारास झाली. वाटा तीन: (क) वसाहतच आधीपासून विषाणूने बाटलेली, (ख) एक-दोन विषाणूवाहक माश्या हाताळताना इकडून तिकडे गेल्या, (ग) रोपच प्रयोगाआधी बाटलेलं. (ग) तपासायला रोपवाटिकेतली तशीच २५-३० रोपं काहीही न करता जाळीत ठेवून बघायची होती. ठेवली होती का? बहुधा नाही.

(क) वर मला जास्त संशय आहे, कारण वसाहत वांग्यावर आहे. टोमॅटोवरचे काही बेगोमोव्हायरस वांग्यावर रुजत नाहीत, पण सगळे नाहीत; टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली विषाणू वांग्यालाही होतो. कोणता विषाणू आहे ते तुम्ही लिहिलं नाही. वसाहतीचं झाड त्या *विशिष्ट* विषाणूचं यजमान (ज्यात तो विषाणू वाढतो ते झाड) नसलेलं असावं, हा पहिला नियम. टोमॅटोच्या बहुतेक पर्णगुच्छ विषाणूंसाठी कापूस चांगला चालतो. वांग्यावरून कापसावर माश्या हलवल्यावर पहिल्या पिढीत मरतूक होते, अंडी कमी पडतात. दोन-तीन पिढ्या थांबा, मग वसाहत सावरते. यजमान झाडाचा परिणाम माशीच्या आयुष्यावर आणि अंड्यांवर होतो, तेव्हा 'अ' कापसावर आणि 'ब' वांग्यावर अशी तुलना कधीच नको.

वसाहत स्वच्छ आहे हे नुसतं गृहीत धरायचं नाही. दर महिन्याला वसाहतीतल्या माश्या थेट टोमॅटोच्या दहा रोपांवर, प्रत्येकी ५०, दोन दिवस. महिनाभर निरीक्षण, मग पीसीआर. दहाही निरोगी राहिली तरच ती वसाहत त्या महिन्यात वापरायची.

(ख) साठी कामाचा क्रम. निरोगी माश्यांचं काम सकाळी आधी, विषाणूवाल्यांचं शेवटी, आणि त्यानंतर त्या दिवशी निरोगी खोलीत पाऊल नाही. कंट्रोलचा ॲस्पिरेटर वेगळा, त्यावर रंगीत पट्टी. ॲस्पिरेटरच्या रबरी नळीच्या बेचक्यात एखादी माशी अडकून राहते आणि पुढच्या फुंकरीला बाहेर पडते. हे होतं तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही. पिवळा ॲप्रन किंवा पिवळा शर्ट घालून या खोल्यांत फिरू नका. पिवळ्या चिकट सापळ्यावर माश्या ज्या कारणाने येतात त्याच कारणाने त्या तुमच्या पाठीवर बसून दुसऱ्या खोलीत जातात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. माशीच्या अंगात विषाणूचा डीएनए सापडणं म्हणजे तिने तो *गिळला* एवढंच. बेगोमोव्हायरसला सोंडेतून अन्ननलिकेत, तिथून मध्यांत्राची भिंत ओलांडून रक्तात, रक्तातून लाळग्रंथीत आणि लाळेबरोबर पुन्हा झाडात जावं लागतं. टोमॅटो यलो लीफ कर्ल विषाणूत हा फेरा पुरा व्हायला साधारण आठ तास लागतात. यात दोन नाकी आहेत, आतड्याची भिंत आणि लाळग्रंथी. एखाद्या वसाहतीत विषाणू आतड्यातच अडकून पडतो आणि तरी अख्ख्या माशीचा पीसीआर झकास पॉझिटिव्ह येतो. कापसाच्या लीफ कर्ल मुलतान विषाणूचं उदाहरण घ्या: एशिया टू-वन प्रकारची पांढरी माशी तो सहज पसरवते, मीम-वन हा दुसरा प्रकार तो घेतो पण जवळजवळ पसरवतच नाही.

खरा फरक बघायचा तर एएपीनंतर माश्या दोन-तीन दिवस यजमान नसलेल्या झाडावर ठेवा, म्हणजे आतड्यात नुसताच पडून असलेला विषाणू बाहेर पडेल, आणि मग शवविच्छेदन करून मध्यांत्र, रक्त आणि लाळग्रंथी वेगवेगळ्या तपासा. लाळग्रंथी काढणं जमत नसेल तर सोपा मार्ग: काचेच्या नळीच्या तोंडावर पॅराफिल्मचे (ताणता येणाऱ्या मेणचट पातळ पापुद्र्याचे) दोन ताणलेले थर, मध्ये १५ टक्के साखरेचं पाणी, त्यावर माश्या ४८ तास, मग त्या पाण्याचा पीसीआर. पाण्यात विषाणू म्हणजे लाळेत विषाणू. मात्र पॅराफिल्मवर माश्या बसतात त्या बाजूला त्यांची चिकट विष्ठा (हनीड्यू) पडते आणि विष्ठेतही विषाणू असतो. पाणी काढताना सुई त्या बाजूने घातलीत तर निकाल खोटा.

आणि हो, 'अ' आणि 'ब' नक्की कोण आहेत? बेमिसिया टॅबेसी (या पांढऱ्या माशीचं शास्त्रीय नाव) ही एकच जात नाही, दिसायला सारख्या अशा चाळीसाहून अधिक जातींचा गठ्ठा आहे. भिंगाखाली त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा तुकडा वाचून ठरवावं लागतं, ३.५ टक्क्यांहून जास्त फरक तर वेगळी जात, अशी प्रचलित रेघ आहे. प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा, दहा-वीस माश्या *एकेकट्या* तपासा. शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत चपळ जात दुसरीला हळूहळू हुसकावते आणि वर्षभराने दोन्ही पिंजऱ्यांत एकच जात असते. ३० विरुद्ध २९ पाहून ही शंका पहिली यायला हवी.

---

आकडेमोड

शंका यायला हवी हे खरं, पण ३० विरुद्ध २९ चं त्याहून साधं कारण आहे: रोपामागे २० माश्या फार झाल्या. त्यातली एक जरी विषाणू सोडून गेली तरी रोप रोगट. अशा गर्दीत चांगला वाहक आणि सुमार वाहक दोघंही शंभराला टेकतात आणि तुलना तिथेच संपते.

माशीमागची शक्यता काढायची रीत सोपी आहे. निरोगी राहिलेल्या रोपांचं प्रमाण घ्या, रोपामागे जितक्या माश्या तितकं मूळ काढा, ते १ मधून वजा करा. समजा रोपामागे ३ माश्या, 'अ' ची ३० पैकी १५ रोपं निरोगी राहिली: ०.५ चं घनमूळ ०.७९४, म्हणजे माशीमागे सुमारे २१ टक्के. 'ब' ची ३० पैकी ६ निरोगी: ०.२ चं घनमूळ ०.५८५, म्हणजे सुमारे ४१ टक्के. रोपांकडे पाहिलं तर ५० विरुद्ध ८० टक्के, माशीकडे पाहिलं तर जवळपास दुप्पट. सगळीच रोपं रोगट झाली की उत्तर १०० टक्के येतं आणि ते निरर्थक असतं.

म्हणून आधी छोटी चाचणी: रोपामागे १, ३, ५ आणि १० माश्या, प्रत्येकी दहा रोपं. ज्या संख्येला निम्म्याच्या आसपास रोपं रोगट होतात ती संख्या मुख्य प्रयोगाला. माद्या नरांपेक्षा बऱ्याच जास्त कार्यक्षम असतात, तेव्हा दोन्ही वसाहतींतून फक्त माद्या घ्या, वय दोन ते चार दिवस. मोजताना *जिवंत परत मिळालेल्या* माश्या मोजा. तीन सोडल्या आणि एक पहिल्या तासात मेली तर ते दोनचं रोप आहे.

हीच रीत तुमच्या १३ व्या दिवसाच्या कंट्रोलला लावून बघा. १२ पैकी ११ निरोगी, रोपामागे २० माश्या: ११/१२ चं विसावं मूळ ०.९९५७. म्हणजे माशीमागे ०.४ टक्के, सुमारे २३० माश्यांत एक. कंट्रोलवर एकूण माश्या होत्या २४०. एका चुकार माशीनेही हे भागतं. तुमच्या माश्या माशीमागे २० टक्क्यांनी विषाणू पसरवत असतील तर वसाहतीतल्या २ टक्के माश्या बाटलेल्या असूनही हाच निकाल येईल. आकड्यांवरून (क) आणि (ख) वेगळे करता येत नाहीत, ५० माश्यांची चाचणी करावीच लागेल.

दुसरा प्रश्न, वजाबाकी. नको. औषधाच्या चाचणीत कंट्रोलमधली नैसर्गिक मरतूक वजा करतात, कारण ती दोन्हीकडे सारखी असते. इथे रोग एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे 'पार्श्वभूमीची लागण' नावाची स्थिर गोष्टच नाही. तरी सगळं फेकायचीही गरज नाही. उशिराची लागण २० व्या दिवसाआधी होऊच शकत नव्हती. तेव्हा २५ व्या दिवसापर्यंतच्या नोंदी उशिराच्या गोंधळापासून मुक्त आहेत. 'अ' आणि 'ब' दोन्ही विषाणू पसरवू शकतात, एवढं त्यातून म्हणता येईल. किती कार्यक्षमतेने, ते नाही.

कंट्रोलची संख्याही वाढवा. १२ पैकी शून्य रोगट निघाली असती तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता आलं असतं की लागण २२ टक्क्यांच्या आत आहे. ३० पैकी शून्य असेल तर हीच मर्यादा १० टक्क्यांच्या खाली येते. कंट्रोल म्हणजे उरलेली रोपं लावायची जागा नव्हे.

---

कीटकशाळा

माद्या निवडायच्या तर माश्या थंड करून घ्या. नळी बर्फावर दोन-तीन मिनिटं, मग थंड पाटीवर भिंगाखाली. मादीचं पोट गोलसर, नराचं निमुळतं आणि टोकाला चिमट्यासारखी दोन टोकं.

---

सूक्ष्मदर्शक

बर्फाबद्दल थोडी असहमती. बर्फावरून उचललेल्या नळीत हवेतलं बाष्प लगेच जमतं आणि मेणाची पूड असलेले पंख काचेला चिकटतात. अशी माशी भिंगाखाली चालते, पण पानावर नीट शोषत नाही. मग कार्यक्षमता कमी दिसते आणि दोष विषाणूला जातो. नळी कोरड्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये (४ अंश) ठेवली तर दव कमी. किंवा थंड करूच नका: माश्या पानाच्या मागे बऱ्याचदा जोडीने बसतात, लहान तो नर, मोठी ती मादी. पान हळूच उलटवून मोठी तेवढी ओढून घ्यायची. वेळ जास्त लागतो, मरतूक फार कमी होते.

---

कीटकशाळा

जोडीवरून निवडणं मान्य, पण ३० रोपांना ९० माद्या अशा वेचताना दोन तास जातात आणि पहिल्या व शेवटच्या रोपाच्या आयएपीत तेवढाच फरक पडतो. फ्रिजची युक्ती बरी.

---

मावा_तुडतुडा

चौथ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही. २४ तास एएपी, २४ तास आयएपी हे वेळापत्रक माव्याच्या बहुतेक विषाणूंना लावलंत तर विषाणू असूनही लागण जवळजवळ दिसणार नाही, आणि प्रौढ फुलकिड्याला लावलंत तर शून्य येईल.

मावा. पोटीव्हायरस, काकडी मोझॅक विषाणू यांसारखे विषाणू मावा सोंडेच्या टोकाशी नेतो, अंगात नाही. वरच्या थरातल्या पेशीत काही सेकंद सोंड टोचून चव बघतो तेव्हाच विषाणू लागतो आणि पुढच्या झाडाची चव बघतो तेव्हाच सुटतो. एएपी २४ तास ठेवलात तर मावा रसवाहिनीत सोंड रोवून स्वस्थ बसतो आणि प्रसार *घटतो*. पद्धत अशी: बिनपंखी प्रौढ मावा काचेच्या पेटीत एक-दोन तास उपाशी ठेवा, मग रोगट पानाच्या तुकड्यावर, डोळ्यांसमोर, भिंगाखाली, सोंड टेकवली की घड्याळ सुरू, दोन ते पाच मिनिटांत उचला आणि लगेच चाचणीच्या रोपावर. रात्रभर ठेवून सकाळी औषध. उचलताना ओल्या ब्रशचं टोक आधी त्याच्या मिशांना लावा, तो स्वतः सोंड काढून घेतो. सरळ ओढलात तर सोंड पानातच मोडते. मावा चालतो, पण पुन्हा शोषत नाही.

या विषाणूंवर कीटकनाशक का चालत नाही, तेही यातूनच कळतं. औषधाने मावा मरायला लागतो तोवर त्याची दोन-चार रोपांची चव घेऊन झालेली असते.

एक सापळा. पोटीव्हायरसला माव्याच्या सोंडेला चिकटायला स्वतःचं आवरण पुरत नाही, एचसी-प्रो नावाचं मदतनीस प्रथिन लागतं. रोगट रस चोळून वर्षानुवर्षं जपलेल्या विषाणूत या प्रथिनात किंवा आवरणात असे बदल साचतात की तो झाडात मस्त वाढतो पण माव्याने पसरत नाही. मग लोक माव्याला दोष देतात. काकडी मोझॅकला मदतनीस लागत नाही, पण आवरणातल्या बदलाने त्याचंही हेच होऊ शकतं. टोस्पोव्हायरसही (फुलकिडे पसरवतात तो गट) हाताने बराच काळ पसरवला की फुलकिड्यांना पारखा होतो. दर काही फेऱ्यांनी विषाणू त्याच्या किड्यामार्फतच पुढे न्या.

फुलकिडे. इथे वयाचा नियम कडक आहे. टोस्पोव्हायरस फक्त पिल्लू असताना, मुख्यतः पहिल्या अवस्थेत, घेतला तरच प्रौढ फुलकिडा तो पसरवतो. प्रौढाला रोगट पानावर आठवडाभर ठेवा. विषाणू पोटात जाईल, पीसीआर पॉझिटिव्ह येईल, प्रसार होणार नाही. म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नातली चूक इथे पूर्ण उघडी पडते. अंड्यातून निघून काही तासच झालेली पिल्लं रोगट पानावर एक दिवस ठेवा, मग निरोगी पानावर (घेवड्याची शेंग बरी) कोष होऊन प्रौढ निघेपर्यंत वाढवा. मग एकेक प्रौढ छोट्या नळीत पेटुनियाच्या पानाच्या गोल चकतीवर दोन दिवस. चकती नंतर पाण्यावर तरंगत ठेवली की लागण झाली असेल तर दोन-तीन दिवसांत तपकिरी-काळे ठिपके उठतात. रोप लागत नाही, महिना थांबावं लागत नाही. ओरबाडल्याच्या चंदेरी खुणा आणि लागणीचे ठिपके यांत गल्लत होते. ठिपक्याला कडा असते आणि तो वाढतो, ओरबाडा आहे तेवढाच राहतो.

पांढऱ्या माशीची जाळी फुलकिड्यांना अडवत नाही, हेही ध्यानात ठेवा. ते त्यातून आरामात जातात.

तुडतुड्यांवरचे फायटोप्लाझ्मा (झाडांना रोग करणारे, पेशीभित्तिका नसलेले जिवाणू) कधी घेतलेत तर वेळापत्रक पुन्हा वेगळं: ते किड्याच्या अंगात वाढतात, त्यामुळे घेतल्यापासून पसरवेपर्यंत दोन-तीन आठवडे किंवा अधिक लागतात. एएपीनंतर लगेच आयएपी दिलात तर काहीच मिळणार नाही.

---

पर्णगुच्छ_२०

सगळ्यांचे आभार. विषाणू टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्लीच आहे, म्हणजे वांग्याची वसाहत बाद. नुसती ठेवलेली रोपं खरंच नव्हती. कापसावर हलवून ५० माश्यांची चाचणी आधी करतो.

एकच शंका उरली. अंड्यांचं पान नक्की कितव्या दिवशी कापायचं? खोली रात्री २४ ला उतरते, म्हणजे ५ ते ७ दिवसांचा हिशेब पुढेमागे होणार. फार लवकर कापलं तर विषाणू पानातून बाहेर पडायच्या आतच कापला जाईल ना?

---

कीटकशाळा

दोन्ही टोकं तपासून घ्या. लवकरच्या टोकासाठी: पंधरा जास्तीच्या रोपांवर रोपामागे १० माश्या सोडा, आयएपीनंतर पाच रोपांचं पान तिसऱ्या दिवशी, पाचांचं चौथ्या, पाचांचं पाचव्या दिवशी कापा. ज्या दिवशी कापूनही पाचही रोपं रोगट होतात, तो दिवस तुमच्या खोलीसाठी आणि तुमच्या विषाणूसाठी सुरक्षित.

उशिराच्या टोकासाठी दिवस मोजत बसू नका, अंडी बघा. ताजं अंडं दुधट-पिवळसर असतं, फुटायच्या आधी ते तपकिरी होतं. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी दहापट भिंगातून पानाची मागची बाजू पाहा. पहिलं अंडं तपकिरी दिसलं की त्याच दिवशी सगळ्या रोपांची पानं काढा, कंट्रोलचीसुद्धा. कापताना पान पलटवू नका. आधी खालून पिशवी चढवा, मग देठ कापा.